फुकट म्हणजे बेवारस नव्हे

आमच्या मोहल्ल्यात जमातीची भांडी आहेत. देगी, पराती, झारे, पाण्याचे पिंप. कुणाकडे लग्न असो की मयताचं जेवण, भांडी मागायला गेलं की मिळतात. भाडं नाही. मात्र वहीत नाव लिहावं लागतं, भांडी घासून परत द्यावी लागतात आणि देगीला पोचा आला तर ठोकून घ्यावा लागतो. इतक्या वर्षांत मी एकाही माणसाला असं म्हणताना ऐकलं नाही की, "भाडं नाही, म्हणजे देग कुणाचीच नाही, घरी ठेवली तरी चालेल." ज्याला अक्षर वाचता येत नाही, त्यालाही फुकट आणि बेवारस यांतला फरक कळतो.

हा फरक कळत नाही तो आमच्या धंद्यातल्या शिकलेल्या माणसांना. मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. आमच्याकडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत जो कोड वापरला जातो, त्यातला मोठा हिस्सा दुसऱ्यांनी लिहून जगासाठी मोकळा ठेवलेला आहे. त्याला ओपन सोर्स म्हणतात. तो उचलायला पैसे पडत नाहीत. पण प्रत्येकासोबत एक परवाना असतो, आणि त्यात अटी असतात. या अटी वाचणारा माणूस मला आजवर दहा कचेऱ्यांत एखादा भेटला असेल. बाकीच्यांचं ब्रीद एकच: "ओपन सोर्स आहे ना? मग टाक."

आज या "मग टाक"विरुद्ध लिहायचं आहे, कारण त्यापायी एका मुलाची नोकरी गेली आणि मी गप्प बसलो होतो.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यातली एक कंपनी. नाव सांगत नाही. आम्ही एक डबा बनवत होतो. फोटो स्टुडिओ, छोटी कार्यालयं, दवाखाने यांनी आपला डेटा त्यात साठवायचा. डब्याच्या आत लिनक्स होतं. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, जीपीएल नावाच्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतो. डेटा खराब होऊ नये म्हणून आम्हाला भक्कम फाइल सिस्टीम हवी होती. बैठकीत जेडएफएसचं नाव निघालं. नाव चांगलंच होतं. लिहिलेला डेटा बिघडला तर जेडएफएसला ते कळतं, आणि दुसरी प्रत असेल तर तिच्यावरून ती दुरुस्तही करते. पण तिचा परवाना वेगळा, सीडीडीएल. टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाने विचारलं, "सर, याचं लायसन्स वेगळं आहे, चालेल ना?" साहेब हसले. म्हणाले, "दोन्ही ओपन सोर्स आहे. फुकट आहे. टाक." मुलाने टाकलं. कर्नलमध्येच बांधून टाकलं. डबे विकले गेले.

पुढे एका परदेशी कंपनीला आमचा हा धंदा विकत घ्यायचा होता. तिने आधी कोडची तपासणी मागितली. आत काय काय आहे, कुठल्या परवान्याचं आहे, याची यादी निघाली, आणि त्यात हे जोडकाम पहिल्याच दिवशी सापडलं. सौदा अडला. मग आतली बैठक झाली. तिथे ठरलं की मुलाने "कुणालाही न विचारता" तो कोड घातला होता. त्याला राजीनामा लिहून द्यायला सांगितलं. ज्यांनी "टाक" म्हटलं होतं ते त्याच टेबलाशी बसले होते. मीही बसलो होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण त्या दिवशी मला शेजारच्या खुर्चीवर बसलेली दिसली, आणि मी मान खाली घालून पाणी प्यालो.

आता मूळ भांडण समजून घेऊ. ते अवघड नाही. अवघड आहे असं सांगणं आमच्या धंद्याला सोयीचं आहे, इतकंच.

जीपीएल म्हणतं: हा कोड घ्या, बदला, विका. तुमच्या घरात, तुमच्या मशीनवर काय वाटेल ते करा, मी विचारायला येणार नाही. पण दुसऱ्याच्या हातात द्याल, तेव्हा ज्याला द्याल त्याला सोर्स कोडही मिळाला पाहिजे, आणि त्यावर रचलेलं अख्खं काम याच परवान्याखाली गेलं पाहिजे. मी घातलेल्या अटींपलीकडे एकही नवी अट तुम्ही पुढच्या माणसावर लादायची नाही.

सीडीडीएल म्हणतं: माझ्या फायली घ्या, दुसऱ्या कोडशी जोडा, विका. पण या फायलींचा सोर्स माझ्याच परवान्याखाली राहील. तो बदलायचा नाही.

दोन्ही अटी एकेकट्या वाचल्या तर भल्या माणसांच्या आहेत. पण दोन्ही कोड एकत्र कालवून एकच वस्तू बनवली, की एकजण म्हणतो सगळं माझ्या अटींवर द्या, आणि दुसरा म्हणतो माझा भाग माझ्याच अटींवर राहील. एकाला पाळलं की दुसरा मोडतो. दोघांचा शब्द राखणारा रस्ता या वस्तूत उरतच नाही. म्हणून "दोन्ही ओपन सोर्स आहे" या वाक्याला अर्थ नाही. दोन्ही दागिने सोन्याचे आहेत म्हणून शेजारणीचा हार आपल्या मंगळसूत्रात ओवता येत नाही.

हे एकाच जोडीचं दुखणं नाही. आज सर्रास वापरला जाणारा अपाची परवाना, आवृत्ती २.०, जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीशी जुळत नाही, कारण त्यात पेटंटबाबत जादा अटी आहेत. तिसऱ्या आवृत्तीशी मात्र जुळतो. आणि जीपीएलची दुसरी आवृत्ती १९९१ची, तिसरी २००७ची. एकाच घरातल्या या दोन बहिणीही, "फक्त दुसरीच आवृत्ती" असं लिहिलेलं असेल तर, एका ताटात जेवत नाहीत. लिनक्स कर्नल नेमकं त्याच "फक्त दुसरी" प्रकारातलं आहे. ओपन सोर्स म्हणून मान्यता मिळालेले परवाने आज शंभराच्या आसपास आहेत. या गर्दीत "ओपन सोर्स आहे" एवढ्यावर कोड उचलणं म्हणजे बाटलीवर "औषध" लिहिलंय म्हणून पिणं.

जेडएफएसची कहाणी तर उघड्या जगासमोर घडली आहे. ती सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने बनवली आणि २००५ मध्ये आपल्या सोलारिसच्या कोडसोबत सीडीडीएलखाली मोकळी केली. हा परवाना लिनक्सशी जुळू नये असा मुद्दाम निवडला होता का, यावर सनच्याच माणसांत मतभेद आहेत. एका माजी सहकारीने २००६ मध्ये जाहीरपणे तसं म्हटलं, दुसऱ्याने ते नाकारलं. २०१० मध्ये सन ओरॅकलच्या पोटात गेली. पुढे उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने २०१६ मध्ये, १६.०४ या आवृत्तीबरोबर, जेडएफएसचं तयार मॉड्यूल वाटायचं ठरवलं. आमच्या वकिलांनी पाहिलं आहे, हे चालतं, असं त्यांचं म्हणणं. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने त्याच फेब्रुवारीत स्पष्ट लिहिलं की हे जीपीएलचं उल्लंघन आहे. जीपीएलच्या घडणीत ज्यांचा हात आहे ते एबेन मोग्लेन आणि त्यांच्या सहकारी मिशी चौधरी यांनी परवान्याचं अक्षर आणि परवान्याचा हेतू यांत फरक करून वाट शोधता येते का, याची चर्चा केली. डेबियनने तिसराच मार्ग धरला: तयार जोडप्रत वाटायचीच नाही, सोर्स द्यायचा, आणि वापरणाऱ्याने आपल्या मशीनवर स्वतः जोडून घ्यायचा. न्यायालयाचा निकाल या प्रश्नावर आलेला नाही.

लिनसची भूमिका ऐका. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी जानेवारी २०२० मध्ये सांगितलं की ओरॅकलच्या मुख्य विधी सल्लागाराच्या, किंवा त्याहून बरं म्हणजे खुद्द लॅरी एलिसन यांच्या सहीचं पत्र मिळाल्याशिवाय जेडएफएस आपण कर्नलमध्ये घेणार नाही. ज्याच्या हाताखाली जगभरातले हजारो प्रोग्रॅमर काम करतात, तो माणूस म्हणतो की मालकाचं पत्र आणा. आणि हिंजवडीतल्या चौथ्या मजल्यावर बसलेला साहेब म्हणतो, टाक!

आता आमच्या धंद्यातल्या सबबी एकेक करून घेतो. सगळ्या ऐकलेल्या आहेत. काही मी स्वतः दिलेल्या आहेत.

पहिली सबब: कोण विचारतंय? विचारतात. २००३ मध्ये लिंक्सिसच्या एका निळ्या-काळ्या राउटरमध्ये लिनक्स आहे आणि त्याचा सोर्स दिलेला नाही, हे लोकांनी शोधून काढलं. कंपनीला तो द्यावा लागला. त्याच कोडमधून ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं, जे आज जगभरातल्या राउटरांत चालतं. लिंक्सिसची तेव्हाची मालक सिस्को हिच्यावर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने डिसेंबर २००८ मध्ये दावा लावला, २००९ मध्ये तडजोड झाली आणि परवान्यांचं पालन पाहायला स्वतंत्र माणूस नेमायचं सिस्कोला मान्य करावं लागलं. सिस्कोला विचारलं जातं, तर तुम्ही कोण?

दुसरी सबब: या अटी म्हणजे नुसती विनंती, कायदा थोडाच आहे? हेही अमेरिकेतल्या न्यायालयात म्हणून झालं. रॉबर्ट जेकबसन हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. खेळण्यातल्या रेल्वे चालवायचं सॉफ्टवेअर त्यांनी आणि साथीदारांनी फुकट दिलं होतं. अट साधी: लिहिणाऱ्यांची नावं ठेवा, बदल केला तर तसं सांगा. एका व्यावसायिकाने कोड घेतला आणि नावं उडवली. २००८ मध्ये तिथल्या फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने सांगितलं की पैसे घेतले नाहीत म्हणून अटी पोकळ होत नाहीत. त्या मोडल्या तर कॉपीराइटचा भंग होऊ शकतो. आपल्याकडे १९५७च्या कॉपीराइट कायद्यातही संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीतच मोडतो. कविता चोरली तर चोरी आणि कोड चोरला तर हुशारी, असं कायदा म्हणत नाही.

तिसरी सबब: लिहिणारे भले लोक आहेत, त्यांची हरकत नसेल. मग विचारा ना! हरकत नसेल असं आपणच ठरवायचं, हा हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचा प्रकार आहे. आणि विचारल्यावर काय होतं, याचं उदाहरण तुमच्या-माझ्या मोबाइलमध्ये आहे. व्हीएलसी. तो नारिंगी शंकू. लग्नाच्या सीडीपासून तकरीरीच्या व्हिडिओपर्यंत आपण सगळं त्यात पाहिलं. हा प्लेअर जीपीएलखाली होता. २०१० मध्ये तो ॲपलच्या ॲप स्टोअरमध्ये गेला. पण स्टोअरच्या अटी वापरणाऱ्यावर जी बंधनं घालतात, ती जीपीएलला मंजूर नाहीत. व्हीएलसी लिहिणाऱ्यांपैकीच एकाने, रेमी दनी-कुरमों यांनी, हरकत घेतली, आणि जानेवारी २०११ मध्ये ॲपलने ॲप काढून टाकलं. वापरणारे त्या माणसावर तुटून पडले. फुकट मिळणारी चीज याने हिरावली म्हणून!

पण पुढे काय झालं ते पाहा. व्हीएलसीच्या मंडळींनी अटींना वळसा घातला नाही. त्यांनी वर्षानुवर्षांच्या योगदानाची यादी काढली, प्रत्येक लिहिणाऱ्याला शोधलं, आणि परवाना बदलायला त्याची संमती मागितली. कुणी नोकरी बदललेली, कुणाचा ईमेल बंद पडलेला, कुणी दहा वर्षांपूर्वी चार ओळी लिहून विसरून गेलेला. त्या चार ओळींसाठीही विचारलं. आधी मुख्य इंजिन, मग बाकीचे भाग, असं करत काम २०१२च्या अखेरपर्यंत चाललं. जुलै २०१३ मध्ये व्हीएलसी पुन्हा ॲपलच्या फोनवर आलं, या वेळी ताठ मानेने. अडीच वर्षं लागली. ओपनएसएसएल, ज्याच्यावर इंटरनेटवरचे कितीतरी सुरक्षित व्यवहार चालतात, त्यांनीही परवाना बदलताना असंच शेकडो लोकांना गाठलं; नव्या परवान्याची ३.० आवृत्ती २०२१ मध्ये आली. म्हणजे विचारणं अशक्य नाही. कंटाळवाणं आहे. आणि आपल्या धंद्यात कंटाळवाण्या गोष्टीला अशक्य म्हणायची रीत आहे.

चौथी सबब सगळ्यात खोटी: दुसरा मार्गच नव्हता. आमच्या डब्याचंच घ्या. फ्रीबीएसडी नावाची व्यवस्था आहे. तिचा परवाना सैल, जेडएफएसच्या अटींशी त्याचं भांडण नाही. २००८च्या ७.० आवृत्तीपासून जेडएफएस तिच्यात आहे. आमचा डबा तिच्यावर बांधता आला असता. नाहीतर लिनक्सच ठेवून त्याची स्वतःची, जीपीएलचीच फाइल सिस्टीम घेता आली असती. दोन-तीन महिने जास्त गेले असते. ते वाचवले, आणि त्याची किंमत एका पोराच्या पगारातून वसूल केली.

माझा राग परवाना लिहिणाऱ्यांवरही थोडा आहे, तो लपवत नाही. आधीच इतके परवाने असताना प्रत्येक मोठी कंपनी आपला नवा परवाना काढते, आणि मग एकाच्या विहिरीचं पाणी दुसऱ्याच्या पाटाला जोडता येत नाही. मोकळं करतो म्हणायचं आणि भोवती कुंपण घालायचं, हा औदार्याचा चांगला नमुना नव्हे. पण मालकाने विचित्र अट घातली म्हणून आपल्याला ती मोडायचा हक्क मिळत नाही. अट पटत नसेल तर भांडं घेऊ नका. घेतलं, तर ती अमानत आहे.

आता माझ्या वाचकांपैकी काहींना वाटेल, हे सगळं कंपनीवाल्यांचं, आपल्याला काय? आपलाच संबंध आहे. आपल्या मोहल्ल्यांतून, तालुक्यांतून पहिल्या पिढीची मुलं या धंद्यात शिरत आहेत. बाप गॅरेजमध्ये, आई शिलाई मशीनवर, आणि पोरगा कर्ज काढून इंजिनिअर झालेला. त्याला कॉलेजात परवाना शिकवलेला नसतो. कोड कसा उचलायचा हे सगळे शिकवतात. कुणाचा आहे हे पाहायला कुणी शिकवत नाही. तो कचेरीत येतो, वरचा सांगतो "टाक", तो टाकतो. गोष्ट अंगावर आली की वरच्याच्या मागे ओळखी असतात, वकील असतो, इंग्रजी असतं. या पोराच्या मागे फक्त एक ईमेल आयडी असतो, ज्याच्या नावाने तो कोड नोंदला गेला. त्या नोंदीत "कुणी सांगितलं" हा रकानाच नसतो.

म्हणून या मुलांना तीन गोष्टी सांगतो. कोड उचलण्याआधी त्याच्यासोबतची परवान्याची फाइल उघडा. बहुतेक वेळा ती पहिल्याच फोल्डरमध्ये असते. दोन परवाने एकत्र येत असतील तर ते जुळतात का, हे लेखी विचारा, तोंडी "टाक"ला उत्तर म्हणून त्याच दिवशी ईमेल लिहा, "आपण सांगितल्याप्रमाणे अमुक कोड घालत आहे, परवाना तमुक आहे." आणि तुम्ही घरी, शिकण्यासाठी, स्वतःच्या मशीनवर काहीही जोडत असाल तर बिनधास्त जोडा; जीपीएलचं भांडण दुसऱ्याच्या हातात देताना सुरू होतं. भिऊन शिकणं थांबवू नका.

आणि वरच्या खुर्चीवर बसलेल्यांना, म्हणजे माझ्यासारख्यांना, एकच सांगणं आहे. जो "टाक" म्हणतो, सही त्याने करावी.

त्या मुलाला मी तीन वर्षांनी फोन केला. माफी मागितली. तो आता दुसऱ्या शहरात आहे, बरं चाललंय. शांतपणे ऐकून म्हणाला, "सर, मी तेव्हा विचारलं होतं, हे तुम्हाला आठवत होतं ना?" मी हो म्हटलं. "मग त्या दिवशी एवढंच सांगायचं होतं," तो म्हणाला.

रविवारी मी मोहल्ल्यातल्या मुलांना जुन्या संगणकांवर लिनक्स शिकवतो. पहिल्या तासाला कोड लिहायला देत नाही. आधी त्यांना घेऊन जमातीच्या भांड्यांची वही दाखवतो. कुणी नेलं, कधी नेलं, कशा हालतीत परत आणलं. मग संगणकावर परवान्याची फाइल उघडतो आणि सांगतो, ही तीच वही आहे.